अर्धा तास पुढे, एक दिवस मागे

“बाबा, आज गाडी बैलगाडीसारखी चालवून राह्यली मी. समोरचा काईच दिसत नाई. नुसता पांढरा.”

“मंग थांब न कुठीतरी,” मुखरू म्हणाला.

“थांबू कुठी? इथी काय धाबा आहे?”

मुखरू हसला. पंपहाऊसच्या ओट्यावर, उत्तरेच्या कोपऱ्यात तो उभा होता. नदीकाठच्या या भागात फोनला रेंज यायची ती एवढ्याच जागी. दोन पावलं इकडं आलं की आवाज तुटायचा, पंपहाऊसच्या आत गेलं की फोन मुका. जानेवारीतली पहाट होती. वैनगंगेवर धुकं साचलं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. लेकीकडं, ज्योत्स्नाकडं, साडेसहा वाजून पाच मिनिटं. संध्याकाळचे. आणि आदल्या दिवशीचे.

हा हिशोब मुखरूनं पहिल्याच महिन्यात पक्का केला होता. लेक कॅनडात गेली तेव्हा घरात कुणालाच वेळेचा मेळ लागेना. गुणाबाई भर दुपारी फोन लावायला सांगायची आणि तिकडं पोरगी मध्यरात्री दचकून उठायची. मग मुखरूनं पंपाच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं आणि बायकोला सांगितलं, “सोपा आहे. आपल्या घड्याळाच्या अर्धा तास पुढं पाह्यचा. आणि दिवस एक मागं. आपला सकाळ, तिचा संध्याकाळ.”

“म्हंजे आपला सोमवार उजाडला तरी तिचा इतवारच?”

“हो. ती अजून कालमधीच आहे.”

गुणाबाईला ते कधीच पटलं नाही. पोटची पोर कालमध्ये राहते आणि आपण आजमध्ये, हे तिला अपशकुनासारखं वाटायचं.

मुखरू नागापुरे गेली बावीस वर्षं गावाच्या नळयोजनेचा पंपचालक होता. रोज सकाळी सहाला नदीकाठच्या विहिरीवरची मोटर सुरू करायची, साडेसातला टाकी भरली की बंद करायची. त्याआधी तो डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, त्याआधी बापासोबत नदीत जाळं टाकायचा. ज्योत्स्ना त्याची एकुलती. गडचिरोलीला नर्सिंग शिकली, नागपूरला सहा वर्षं दवाखान्यात राबली आणि मग एका वृद्धाश्रमाच्या नोकरीवर इतक्या लांब गेली, की पृथ्वीच्या गोळ्यावर मुखरूला बोट फिरवून पलीकडच्या बाजूला न्यावं लागलं.

पण तिचं गाव त्याला ओळखीचं वाटायचं. तेही खेडंच. हॅरोफील्ड नाव, तीनशे माणसांची वस्ती. धान्य ठेवायचे उंच लोखंडी कोठे, एक येशूचं देऊळ, एक दुकान. शाळा होती ती बंद पडली, कारण पोरंच उरली नाहीत. जवान सगळे खाणीत नाहीतर शहरात. करमघाटचे घुग्घुसच्या कोळसाखाणीत जातात तसेच. मागं म्हातारे राहिले, आणि त्यांचं अंग पुसायला, गोळ्या द्यायला करमघाटची पोरगी तिथं गेली. एकदा तिनं फोटो पाठवला होता. गोठलेल्या तळ्यावर माणसं खुर्च्या टाकून बसलेली, बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडलेला. ढिवराच्या घरात जन्मलेल्या मुखरूनं तो फोटो गावभर दाखवला. “पान्यावर खुर्ची टाकते माह्यावाले लोक,” असं म्हणून तो हसायचा. ‘माह्यावाले’ म्हणजे पोरीच्या गावचे.

तिची ड्यूटी संध्याकाळी सहाला सुटायची. राहायची खोली पस्तीस किलोमीटरवर, जरा मोठ्या गावात. त्या रस्त्यावर ती एकटी गाडी चालवायची, आणि इकडं बाप एकटा पंपावर असायचा. म्हणून ही वेळ दोघांची होती. तो तिला वाटेत सोबत करायचा, ती त्याला. त्याला सोबतीची गरज काही दिवसांपासून जास्तच होती. पंधरवड्यापूर्वी शेजारच्या गावची एक बाई सरपणाला गेली ती परत आली नव्हती. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरत होती, वाघ फिरतो आहे, सूर्य उगवल्याशिवाय गावाबाहेर पडू नका म्हणून. पण गावाला पाणी तर सकाळीच लागतं. मुखरू हातात बॅटरी आणि काठी घेऊन येतच राहिला. यातलं त्यानं लेकीला काही सांगितलं नव्हतं.

“बाबा, थांब जरा...” ज्योत्स्ना म्हणाली, आणि फोनमधून तिचा श्वास अडकल्याचा आवाज आला. मग काहीतरी दणकन आदळलं.

“जोसना? काय झाला?”

“काई नाई. घसरली गाडी. खाली उतरली रस्त्याच्या. नाल्यात गेल्यासारखी. लागला नाई मले. ठेव, मी मदतीले फोन लावतो.”

दहा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला. मुखरूनं मोटर सुरूच केली नव्हती.

“लागला फोन. म्हणते, वादळानं रस्ते बंद आहेत. बर्फ काढायची गाडी आली का येतेत. दोन घंटे, नाईतर तीन. गाडीतून उतरू नको म्हणलं.”

“थंडी किती आहे?”

“शून्याच्या खाली अठ्ठावीस. पण आत हिटर आहे न. गाडी चालू ठेवली मी. तेल अर्धी टाकी आहे. घाबरू नको.”

“मी कायले घाबरू? मी बसलो इथीच. बोलत राह्य.”

ती बोलत राहिली. वृद्धाश्रमातल्या एका आजीनं आज तिला आपली मेलेली बहीण समजून मिठी मारली, ते सांगितलं. मग आईची चौकशी केली. मग मार्कंड्याच्या यात्रेला यंदा नदीतून डोंग्यानं जाणार की पुलावरून, ते विचारलं. वारा इतका होता की तिच्या शब्दांच्या मागं कुणीतरी कापड फाडतंय असं वाटत होतं. काचांवर बर्फ चढलं आहे, बाहेरचं काहीच दिसत नाही, मच्छरदाणीत बसल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली.

तेवढ्यात मुखरूच्या पाठीमागच्या अर्जुनाच्या झाडावरून वानर खाकरलं.

एकदाच. मग पुन्हा. मग लागोपाठ, जोरात, घसा खरवडून काढल्यासारखं. साऱ्या टोळीनं फांद्या हलवल्या. जंगलालगत आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. पंपहाऊसचं दार सात-आठ पावलांवर होतं. आत जाऊन कडी लावली की झालं. पण आत रेंज नव्हती.

“तो कसला आवाज आहे बाबा?”

“वान्नरं. चिंचा पाडून राह्यले.”

“आता चिंचा?”

“बोल न तू. आजीचा काय सांगत होती?”

तो ओट्याच्या कोपऱ्यावरून हलला नाही. काठी पायाला टेकवून ठेवली, भिंतीला पाठ लावता येईना, कारण भिंतीपाशी रेंज तुटायची. मागं वळून पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं. पाहिलं तर पाय पळतील, आणि पाय पळाले तर फोन तुटेल.

“बाबा,” थोड्या वेळानं ज्योत्स्ना म्हणाली, “डोका दुखून राह्यला. मळमळते.”

“उपाशी असशील.”

“दुपारी खाल्ली न मी.” मग हळू म्हणाली, “डोका जड झाला बाबा. झोप येऊन राह्यली.”

मुखरूनं फोन कानाशी दाबला.

हेच शब्द त्यानं एकदा ऐकले होते. असेच, याच क्रमानं. एकतीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मालगुजाराच्या शेतातल्या विहिरीच्या काठावर. दसरू मोगरे हा त्याचा उस्ताद. इंजिनाचं सगळं काम तो दसरूकडून शिकला. पाणी खोल गेलं म्हणून इंजिन विहिरीच्या मधल्या टप्प्यावर उतरवलं होतं, आणि दसरू त्याच्याजवळ बसून पट्टा सारखा करत होता. इंजिन चालू होतं. वर काठावर मुखरू पान्हे घेऊन बसला होता. खालून दसरूचा आवाज आला, “डोका जड झाला बा मुखरू. झोप येऊन राह्यली.” आणि तेवीस वर्षांचा मुखरू वरून म्हणाला होता, “बस मंग तिथीच दोन घटका. टेक डोका भिंतीले.” एवढं बोलून तो मालगुजाराच्या घरी पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा इंजिन तसंच चालत होतं आणि दसरूनं भिंतीला डोकं टेकलेलं होतं.

मी तिथं नव्हतो, पाणी प्यायला गेलो होतो, एवढंच त्यानं गावाला सांगितलं. ते खोटं नव्हतं. आधीचं वाक्य मात्र त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

“जोसना!” मुखरू ओरडला. वानरं क्षणभर चूप झाली. “झोपू नको! गाडी बंद कर!”

“काऊन? बंद केली तर गारठून मरीन न मी...”

“गाडीचा धूर कुठून निंगते? मागून न? तो नळा बर्फात दबला असन. धूर आत येऊन राह्यला. तो दिसत नाई, त्याचा वासबी येत नाई. बंद कर म्हणतो न!”

“बाबा, पाच मिनिट डोळे मिटतो, मंग...”

“नाई!” तो आयुष्यात तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. “चाबी फिरव! फिरव पयले! फिरवली काय?”

फोनमध्ये नुसता वारा. मग अगदी लांबून खट् असा आवाज. इंजिनाची घरघर थांबली. आयुष्यभर इंजिनं ऐकलेल्या कानाला सात समुद्रांपलीकडची ती घरघर थांबलेली नीट कळली.

“आता काच खाली घे.”

“होत नाई. जमली ती.”

“दरवाजा लोट.”

“बर्फ आहे बाहेरून.”

“दुसऱ्या बाजूचा लोट! सरक तिकडं. पायानं मार. दोनी पायानं. मार माय, मार!”

ती रडत होती की खोकत होती, ते कळत नव्हतं. एक लाथ. दुसरी. तिसरी लाथ बसल्यावर वाऱ्याचा आवाज एकदम फोनभर पसरला. दार उघडलं होतं.

“बाहेर तोंड काढ. श्वास घे. मोठा घे. आता मागं जा, गाडीले धरून जा, हात सोडू नको. नळ्यावरचा बर्फ काढ. मंगच गाडी चालू कर. काच थोडी उघडी ठेव. आयकली काय? जोसना?”

“बाबा, हातमोजा...” एवढंच ऐकू आलं. मग सरसर असा आवाज, फोन कुठंतरी पडल्यासारखा. आणि मग काहीच नाही.

त्यानं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. आपल्या घड्याळात त्यानं पाहिलं. सात वाजून चार मिनिटं. तिच्याकडं साडेसात वाजून चार मिनिटं.

धुक्यातून ऊन पिवळट होऊन खाली येऊ लागलं. वानरं शांत झाली होती. मुखरू तिथंच उभा राहिला. फोन वाजला तर तो इथंच वाजणार होता. मोटर सुरू केली असती तर तिच्या आवाजात घंटी ऐकू आली नसती, म्हणून मोटर सुरू केली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा करमघाटचे नळ कोरडे राहिले.

आठच्या सुमारास गावाकडून डबे वाजवत, आरोळ्या ठोकत माणसं आली. पुढं ग्रामपंचायतीचा शिपाई बापूराव, हातात कुऱ्हाड. नळाला पाणी नाही, मुखरू घरी नाही, म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं. ओट्यावर त्याला उभा पाहून बापूराव आधी हसला आणि मग रागावला.

“का जी मुखरूभाऊ! फोन तरी करा न! आमचा जीव...”

बोलता बोलता तो थांबला. ओट्याच्या मागं, वीस पावलांवर, नदीच्या ओल्या वाळूत त्याची नजर गेली होती. पंजे स्पष्ट होते. नाल्यातून आलेले. आणि एका जागी वाळू दबून गुळगुळीत झालेली. तिथं तो बराच वेळ बसून होता.

“भाऊ,” बापूराव दबक्या आवाजात म्हणाला, “तुमच्या पाठीमागंच बसला होता तो.”

मुखरूनं एकदा तिकडं पाहिलं. “पोरगी बर्फात अडकली,” तो म्हणाला. “फोन लागत नाई.”

मग कुणी परत गेलं नाही. दोघा-तिघांनी काटक्या गोळा करून शेकोटी पेटवली. एका पोक्त बाईनं नळाच्या पाण्याबद्दल तोंड उघडलं तेव्हा बापूराव म्हणाला, “आज हिरीवर जा. मी सांगतो साऱ्यायले.” गुणाबाई आली. मुखरूनं तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, ओट्यावर बसली, पदर तोंडात धरला आणि समोरच्या पाण्याकडं पाहत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “तिथी आता किती वाजले?”

“साडेनऊ.”

“रातचे?”

“रातचे.”

मग दर थोड्या वेळानं ती तेच विचारायची आणि तो सांगायचा. दहा. साडेदहा. इथं ऊन अंगाला चावायला लागलं होतं आणि तिकडची रात्र वाढत चालली होती. मुखरूच्या मनात एकच घोळत होतं. आपण तिला बाहेर काढलं. गाडीत झोपली असती तर धुरानं गेली असती, पण बाहेर थंडीनं गेली असेल तर? तीही आपल्याच सांगण्यावरून.

इथल्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नंबर अनोळखी, लांबलचक.

“हॅलो,” मुखरू म्हणाला. पलीकडं कुणी बाई इंग्रजीत बोलत होती. भराभर, मायेनं. त्याला फक्त ‘ज्योत्स्ना’ कळलं आणि ‘ओके’ कळलं. पण दवाखान्यातली माणसं काय म्हणून ओके म्हणतात, याचा त्याला भरवसा नव्हता.

“पोरीचा आवाज आयकवा जी,” तो म्हणाला. ती काहीतरी बोलली. तो पुन्हा म्हणाला, “नाई जी, तिचा आवाज आयकवा.” तिनं पुन्हा समजावलं. असं दोघं आपापल्या भाषेत बोलत राहिले. शेवटी तिकडं काही हललं, आणि गळा बसलेला, झोपेतून आल्यासारखा आवाज आला.

“बाबा.”

मुखरू ओट्यावर खाली बसला. फोन त्यानं गुणाबाईच्या हातात दिला.

बर्फ काढणाऱ्या गाडीला ती सापडली होती, तेव्हा ती आपल्या गाडीतच होती. नळा मोकळा केलेला, काच बोटभर उघडी, इंजिन चालू. मात्र हातमोजा वाऱ्यानं नेला होता आणि उघड्या हातानं तिनं बर्फ उकरलं होतं. आठ दिवसांनी व्हिडिओवर तिनं डावा हात दाखवला. दोन बोटांची टोकं कापावी लागली होती. गुणाबाईनं पडद्यावरच त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. ज्योत्स्ना म्हणाली, “सुई टोचाले उजवा हात लागते माय, काई अडत नाई.” मग बापाकडं वळून म्हणाली, “डॉक्टर म्हणे, अजून दहा मिनिट झोपली असती तर उठलीच नसती. तुले कसा समजला बाबा? इतक्या दूरून?”

“इंजिनातला मानूस आहे मी,” मुखरू म्हणाला.

ती हसली. गुणाबाईही हसली. मुखरू उठून बाहेर आला. त्यानं पायात चप्पल घातली आणि ढिवरटोलीच्या टोकाला, दसरूच्या घराकडं चालू लागला. त्या वाटेनं तो एकतीस वर्षांत लग्ना-मरणाशिवाय गेला नव्हता.

दसरूची बायको बुधरी ओसरीत बसून जाळं सांधत होती. सत्तरीला टेकलेली. डोळ्यांना कमी दिसायचं, पण बोटांना दिसायचं. तिनं मान वर केली. “कोन? मुखरू काय? बस. पोरगी कशी आहे?”

“बरी आहे वैनी.”

“देवानं वाचवला.”

मुखरू पायरीवर बसला. सांगायला सुरुवात कुठून करावी ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं शेवटापासूनच केली. “वैनी, दसरूभाऊ हिरीतून मले म्हणला होता. डोका जड झाला, झोप येते म्हणला. मी त्याले वर ये म्हणलो नाई. बस म्हणलो. भिंतीले डोका टेक म्हणलो. आन् मी पानी प्याले गेलो.”

बुधरीची बोटं थांबली. गाठ अर्धी राहिली.

“मले तवा समजत नव्हता,” मुखरू म्हणाला.

समोरच्या बोरीखाली कोंबड्या माती उकरत होत्या. मग तिनं विचारलं, “झोप येते म्हणला?”

“हो.”

“हाका नाई मारल्या त्यानं?”

“नाई.”

“तडफडला नाई?”

“नाई वैनी. बसल्या जागीच होता. डोका टेकून.”

बुधरीनं श्वास सोडला. “लोकं म्हणत, हिरीत दम कोंडून गेलेला मानूस भिंती ओरबाडते. मले कोनी त्याचे हात पाहू नाई देल्ले. तवापासून मी...” तिनं वाक्य सोडून दिलं. अर्धी राहिलेली गाठ उसवली आणि पुन्हा नीट घातली. “म्हंजे झोपेतच गेला तो.”

मुखरूला मान वर करवेना. ती आपल्याला काय म्हणेल, याची तो वाट पाहत राहिला. शिवी दिली असती तर त्यानं झेलली असती. पण तिनं मांडीवरचं जाळं सावरलं, त्याचं दुसरं टोक चाचपडत उचललं आणि त्याच्यापुढं धरलं.

“घे. तान थोडा,” ती म्हणाली. “सैल असला का मले दिसत नाई.”

मुखरूनं दोन्ही हातांनी टोक धरलं आणि ताणलं. बुधरी जाळ्याचं एकेक घर बोटानं चाचपत, फाटलेलं सांधत, हळूहळू त्याच्या दिशेनं सरकू लागली.